छोट्या सर्व्हर रूमसाठी शेअर्ड स्टोरेज: एक उन्हाळा काढल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात तीन सर्व्हर आहेत. ईआरपी, टॅली, हजेरी, सगळं प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिन्स चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं. एक सर्व्हर बसला तर त्यावरची मशिन्स दुसऱ्यावर आपोआप उठावीत, यासाठी तिघांना मिळून एक स्टोरेज हवं होतं. दोन कंट्रोलरचा तयार सॅन (सर्व्हरनी मिळून वापरायचा स्टोरेज डबा; एक कंट्रोलर बिघडला तर दुसरा काम चालवतो) बजेटात बसेना. म्हणून ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) रॅमचा रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला, 4 टीबीच्या सहा डिस्क लावल्या आणि ट्रूनास हे स्टोरेजचं सॉफ्टवेअर टाकलं.

जागेचा हिशोब आधीच करा. 24 टीबीचे मिररमध्ये (तोच डेटा दोन डिस्कवर) 12 उरतात. त्यात आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून सर्व्हरना डिस्क देण्याची पद्धत) पूल, म्हणजे सगळ्या डिस्कची एकत्रित जागा, निम्म्याच्या वर भरू नये, म्हणजे हाताशी जेमतेम 6. रेडझेड2 मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी रचना) जागा जास्त मिळते, पण डेटाबेस सतत लिहीत असतील तिथे मिररच घ्या. डिस्क सीएमआरच (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) हवी, मॉडेल नंबरवरून खात्री करा. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क रीसिल्व्हरला, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, अक्षरशः रांगते.

दुसरी गोष्ट लाइटची. आयस्कझीवर ट्रूनास मुळात प्रत्येक राइट डिस्कवर उतरल्याची वाट पाहत नाही. वेग छान दिसतो, पण लाइट गेली आणि यूपीएसनेही दगा दिला तर शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जातात. आम्ही सिंक 'ऑलवेज' (प्रत्येक राइटची वाट पाहायची) केलं आणि एसलॉगसाठी (ते राइट आधी झटकन नोंदवून ठेवायची जागा) पॉवर-लॉस प्रोटेक्शनची (लाइट गेली तरी हातातला डेटा जपणारी) छोटी एसएसडी लावली. इथे पैसे वाचवू नका. साधी एसएसडी या कामाची नाही.

सोलापूरचा मे म्हणजे चाळिशीपार पारा. एसी चालू असूनही मधल्या डिस्कचं तापमान चढत होतं. पुढची जाळी काढली तर आतून टॉवेलच्या तंतूंचा पांढरा थर, बोटाने सोलून निघेल इतका! आता दर आठवड्याला व्हॅक्यूम फिरतो, डिस्कच्या रिकाम्या खणांना झाकणं लावली आहेत आणि तापमान आटोक्यात आहे. सूतगिरणी, पॉवरलूमवाल्यांनी हे आवर्जून करावं.

उणीव एकच, पण मोठी: हा डबा बंद पडला की तिन्ही सर्व्हर ठप्प. स्नॅपशॉटही (डेटाच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती) त्याच डब्यात असतात, त्यामुळे तो बॅकअप धरू नका. आम्ही रोज रात्री दुसऱ्या इमारतीतल्या मशिनवर रेप्लिकेशन करतो, म्हणजे डेटाची प्रत पाठवतो. एक तासही थांबणं परवडत नसेल त्यांनी दोन कंट्रोलरचा एसएएस ॲरे (एसएएस केबलने जोडायचा डिस्कचा डबा) बघावा, सर्व्हर थेट केबलने जोडता येतात, त्यामुळे स्टोरेजसाठी वेगळा स्विच लागत नाही. आमच्यासारख्या कारखान्याला हा सेटअप मी आजही सुचवेन.