वही की रंग? मनावरच्या घावानंतर आधी काय हाती घ्यावं

अपघात, मारहाण, घरातली आत्महत्या, लहानपणी झालेला अत्याचार. असं काही सोसलेल्या माणसाला कुणी ‘लिहून काढ’ म्हणतं, कुणी रंगपेटी आणून देतं. निवड आवडीवर करू नका. आठवण कोणत्या रूपात येते ते पाहा. ‘त्या दिवशी मी गाडीची चावी दिलीच नसती तर...’ असं एकच वाक्य डोक्यात फिरत असेल तर वही. शब्द फुटत नसतील, नुसतं दृश्य, वास, छातीवरचं दडपण येत असेल तर आधी रंग.

लिखाणावर संशोधन जास्त झालंय. पेनबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या १९८६ च्या अभ्यासात सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. तेवढंच पुरे. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही यायला हवं. प्रमाण मराठीचा हट्ट नको. घरात अहिराणी बोलत असाल तर ‘माले भ्याव वाटस’ असंच लिहा. परक्या भाषेत भीती लांबूनच दिसते. लिहून झाल्यावर तास-दोन तास जड जातात, म्हणून झोपायच्या तोंडावर वही उघडू नका.

चूक बहुधा इथे होते: चारही दिवस तीच तक्रार त्याच शब्दांत उतरते. ते उगाळणं झालं, त्याने जखम ओली राहते. हळूहळू ‘कारण’, ‘आता कळतंय’ असे शब्द येऊ लागले तर लिखाण पुढे सरकतंय. एकत्र कुटुंबात वही कुणाच्या हाती लागेल ही धास्ती खरी असते. मग लिहून झाल्यावर फाडून टाका, फायदा लिहिण्यात आहे.

चित्राला तो धोका कमी. रेघोट्या कुणी वाचू शकत नाही. पण साहित्य विचारपूर्वक घ्या. पातळ जलरंग पसरतात, हाताबाहेर जातात, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं. मेणाचे खडू, वहीच्या पानाएवढा कागद, कडेने बोटभर चौकट: सुरुवात एवढ्यावर करा. २० मिनिटं. घटना काढायची नाही, आज अंगात ती कुठे बसलीय तेवढं काढायचं. घरच्यांनी ‘छान’ही म्हणू नये आणि ‘हे काय काढलंस?’ असंही विचारू नये. शाडूची माती हात शांत करते, पण लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना तिचा ओला स्पर्श नकोसा होऊ शकतो. तिथे ती समुपदेशकासोबतच.

बऱ्याच जणांना आधी आठवडाभर रंग आणि मग वही हा क्रम झेपतो. घटना ताजी असेल, पहिला महिनाही सरला नसेल, तर दोन्ही थांबवा. झोप, जेवण आणि सोबतीचं माणूस आधी. मारहाण अजून चालूच असेल तर आधी सुरक्षित जागा.

लिहिताना किंवा रंगवताना हातपाय गार पडले, आपण खोलीत आहोत याचं भान सुटू लागलं, तर तिथेच थांबा. पाय जमिनीवर टेकवा, डोळ्यांसमोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. हे पुन्हा पुन्हा होत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर एकट्याने पुढे जाऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडीही आहे. जाताना वही किंवा चित्रं न्यायलाच हवीत असं नाही.