सेनहायझर एचडी ६००: कुरकुर ऐकवतो, भुतं पळवतो

हेडफोन बास किती दणकून देतो याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. जुन्या रॉक रेकॉर्डिंगांत चुकून राहून गेलेले आवाज तो किती सुटे करून ऐकवतो, ही माझी परीक्षा. १९९७ पासून बाजारात असलेला एचडी ६०० तीत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण घेतो.

लेड झेपेलिनचं १९७० मधलं ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ घ्या. जॉन बॉनमच्या बास ड्रमचं पेडल त्यात कुरकुरतं. साध्या इअरफोनवर मागे काहीतरी वाजतंय एवढंच कळतं. इथे ठोका वेगळा आणि कुरकुर वेगळी, बिजागरीला तेल घालायचं राहून गेल्यासारखी. खुद्द बँडचा गिटारवादक जिमी पेज यानेच म्हटलंय की ती दरवेळी आणखी मोठी वाटते. एकदा कानात बसली की जात नाही, तेव्हा गाणं फार आवडतं असेल तर वाटेला जाऊ नका!

बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’चा शेवटचा पियानोचा कॉर्ड चाळीसेक सेकंद टिकतो, कारण तो विरत जाईल तसतसे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, वर सरकवत नेले होते. त्यामुळे सुरासोबत स्टुडिओची खोलीही आत आली. शेवटाकडे खुर्ची करकरते, ती इथे नेमकी कळते.

अफवांचं मात्र या हेडफोनपुढे काही चालत नाही. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या शेवटी बीटल्सचा जॉन लेनन ‘मी पॉलला पुरलं’ असं पुटपुटतो, म्हणजे पॉल मॅकार्टनी मेलाय, ही १९६९ सालची आवई. बीटल्सच्याच ‘अँथॉलॉजी २’ या अल्बममधला टेक, म्हणजे त्याच गाण्याचं वेगळ्या वेळचं रेकॉर्डिंग, लावला तर सरळ ‘क्रॅनबेरी सॉस’ ऐकू येतं. लेड झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’मधला गायक रॉबर्ट प्लान्टचा भुताटकीचा आवाजही दुसऱ्या टेकचा झिरपलेला अवशेष आहे, तो पुसता येईना, म्हणून त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला. गूढच हवं असेल तर डबडा स्पीकर बरा.

३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा, असल्याने नुसत्या फोनवर हा दबकाच वाजतो, अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) लागतोच. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा आहे, त्यामुळे शेजारच्यालाही बॉनमचं पेडल ऐकावं लागतं.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या शेवटी कुत्र्यांसाठी टाकलेली सुमारे १५ किलोहर्ट्झची शिट्टी मला काही सापडली नाही. कागदावर हेडफोनची मजल ४० किलोहर्ट्झच्या पुढे आहे, त्यामुळे दोष पन्नाशी ओलांडलेल्या कानांचा. ते बदलून मिळत नाहीत. इअरपॅड आणि केबल मात्र सुटे मिळतात.