ओपनलाइटस्पीडची तयार वर्डप्रेस इमेज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. सातारा जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाची वेबसाइट मी सांभाळते. सकाळी दुसऱ्या फेरीचे आकडे टाकले आणि पान उघडेचना. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ, ५०८, रिसोर्स लिमिट संपली. होस्टिंगवाल्यांना फोन लावला तर म्हणाले, मोठा प्लॅन घ्या. साइट सुरू झाली दुपारी चारनंतर. तोवर सगळ्यांचा निकाल टीव्हीवर बघून झाला होता. संपादक मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण विधानसभेला हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

सप्टेंबरमध्ये साइट क्लाउडवर हलवली. सर्व्हर पहिल्यापासून उभारायचा तर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती), डेटाबेस, फायरवॉल, सर्टिफिकेट असं एकेक करत बसावं लागतं. इमेज घेतली की हे सगळं एकत्र बसवलेलं, जुळवलेलं मिळतं. ओपनलाइटस्पीड हा मोफत वेब सर्व्हर; त्याची वर्डप्रेस इमेज ॲमेझॉन, डिजिटलओशन, व्हल्टर अशा बऱ्याच ठिकाणी यादीतून निवडता येते. इमेजचे वेगळे पैसे नाहीत, भाडं फक्त सर्व्हरचं. मी २ जीबी रॅमचा, भारतातल्याच डेटा सेंटरमधला सर्व्हर घेतला. तेव्हा महिना १२ डॉलर, जीएसटी धरून साधारण बाराशे रुपये. आधी १ जीबीवर करून पाहिलं होतं, पण जुन्या फोटोंचे थंबनेल नव्यानं बनवायला लावले की मेमरी संपायची आणि मारियाडीबी हा डेटाबेस बंद पडायचा. त्यामुळे चालू बातम्यांची साइट असेल तर २ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि वर २ जीबी स्वॅपही (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा.

सर्व्हर तयार झाला की ब्राउझर उघडायची घाई करू नका, आधी एसएसएचनं (दुरून सर्व्हरला कमांड द्यायची सुरक्षित सोय) आत जा. आत गेल्या गेल्या स्क्रिप्ट विचारते, डोमेन कोणतं, लेट्स एनक्रिप्टचं मोफत सुरक्षा सर्टिफिकेट घ्यायचं का, सगळं एचटीटीपीएसवर वळवायचं का, सिस्टिम अपडेट करायची का. डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) आधीच वळवून ठेवलं असेल तर पाच-सात मिनिटांत कुलूप लागलेली साइट उभी राहते. लगेच वर्डप्रेसचं पहिलं पान भरून ॲडमिन खातं करून टाका. ते पान उघडं राहिलं तर पहिला जो येईल तो मालक होऊन बसतो, आणि असे उघडे पत्ते शोधत फिरणारे बॉट चोवीस तास चालू असतात.

वेगाचं म्हणाल तर जुन्या जागी पान यायला सुरुवात व्हायलाच दीड-पावणेदोन सेकंद लागायचे. इथे कॅशमधलं, म्हणजे आधीच तयार करून साठवलेलं पान पाव सेकंदाच्या आत येतं, तेही गावाकडच्या मोबाइल नेटवर. याचं कारण असं की एलएसकॅश हे प्लगइन पानं स्वतः साठवत नाही, ते वेब सर्व्हरलाच साठवायला सांगतं. तयार पान द्यायचं असेल तेव्हा पीएचपीला आणि डेटाबेसला हातही लागत नाही. आमचा वाचक फेसबुकवरून येतो. त्या लिंकांना मागे एफबीक्लिडची (फेसबुकनं जोडलेल्या खुणेची) लांबलचक शेपटी असते, आणि प्रत्येक शेपटी वेगळी. साध्या कॅशला ते प्रत्येक वेळी नवं पान वाटतं. इथे ती शेपटी छाटायची सोय आधीपासूनच सुरू असते. एवढ्या एका गोष्टीनं आमच्या सर्व्हरवरचा निम्मा भार उतरला, असं मी खात्रीनं सांगते.

मराठी साइट हलवणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. आमच्याकडे २००९ पासूनच्या बातम्या आहेत. डेटाबेस आणून लावला आणि जुन्या प्रत्येक बातमीत मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ए अक्षरांच्या रांगा दिसायला लागल्या. पोटात गोळाच आला. पण माहिती शाबूत होती. जुने टेबल लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती संकेतपद्धती) म्हणून नोंदलेले आणि आत मजकूर मात्र मराठी सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये. डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढताना डेटाबेसनं त्याचं 'रूपांतर' केलं आणि अक्षरं फुटली. डंप लॅटिन-१ सांगूनच पुन्हा काढला, फाइलमधली नोंद बदलून यूटीएफ-८एमबी४ केली आणि परत भरला. जोडाक्षरांसकट सगळं जागेवर आलं. यात इमेजचा दोष नाही, पण तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. जुनं होस्टिंग बंद करण्याआधी निदान पन्नास जुन्या बातम्या उघडून वाचा.

मग २३ नोव्हेंबर, विधानसभेचा निकाल. सकाळी नऊपासून एका वेळी चारशेच्या आसपास वाचक साइटवर, आणि सर्व्हर अगदी शांत. साडेदहाला संपादकांचा फोन आला, "ताई, इकडं सातवी फेरी झाली आणि आपलं पान तिसऱ्या फेरीवरच अडकलंय बघा!" मी लॉगिन केलेलं असल्यानं मला ताजे आकडे दिसत होते, वाचकांना कॅशमधले जुने. बातमी जतन केली की तिचं साठवलेलं पान आपोआप पुसलं जातं, पण आमचा मतांचा तक्ता वेगळ्या प्लगइनमध्ये होता आणि तो बदलल्याचं कॅशला कळतच नव्हतं. ते पान हातानं पुसलं आणि त्याचं आयुष्य ६० सेकंदांवर आणलं. शेवटच्या फेरीपर्यंत साइट एकदाही पडली नाही. ही चूक माझी होती. लॉगिन न करता, दुसऱ्या फोनवरून पान बघायला हवं होतं. आता प्रत्येक बदलानंतर तसंच बघते.

सुरक्षेत एक गोष्ट मला उशिरा कळली. जुन्या साइटवर एचटीॲक्सेस फाइलमध्ये (अपाचे या वेब सर्व्हरची नियमांची फाइल) आम्ही बऱ्याच गोष्टी अडवल्या होत्या. एक्सएमएलआरपीसी (वर्डप्रेसला बाहेरून आज्ञा द्यायचा जुना मार्ग) बंद, बॅकअपचं फोल्डर बंद. फाइल तशीच आणली आणि निर्धास्त राहिले. ओपनलाइटस्पीड त्या फाइलमधले फक्त रीराइटचे (पत्ते वळवायचे) नियम वाचतो, 'डिनाय'च्या (मज्जाव करायच्या) ओळी तशाच सोडून देतो, आणि बदल केल्यावर त्याला रीस्टार्टही करावं लागतं. म्हणजे तीन आठवडे आमचं बॅकअपचं फोल्डर पत्ता माहीत असलेल्या कुणालाही उघडं होतं. नशिबानं लॉगमध्ये कुणी आत आल्याचं दिसलं नाही. ते फोल्डर लगेच वेब रूटच्या (ब्राउझरमधून पोचता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर नेलं आणि बाकीचे नियम रीराइटच्या भाषेत नव्यानं लिहिले. अपाचेवरून येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे तपासावं. ७०८० पोर्टवरचं व्यवस्थापनाचं पान मी फायरवॉलमध्ये बंद ठेवते आणि लागेल तेव्हा एसएसएच टनेलमधून जाते. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानाचाही उघडा पत्ता काढून टाकला. एसएसएच फक्त किल्लीनं, पासवर्डनं नाही. लॉगिन पानावर धडका मारणाऱ्यांना ओपनलाइटस्पीड वेब सर्व्हरच्या पातळीवरच अडवू शकतो, ती सोय मला फार आवडली, कारण धडक पीएचपीपर्यंत पोचतच नाही.

'सुरक्षित इमेज' या शब्दांवर विसंबू नका, असं मी मुद्दाम सांगते. इमेज म्हणजे ती बनवली त्या दिवसाचा फोटो. पुढची देखभाल तुमची. उबुंटूचे सुरक्षा अपडेट आपोआप बसतात, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला की रीबूट तुम्हालाच करावं लागतं. पीएचपीची आवृत्ती आपण बदलल्याशिवाय बदलत नाही. आमच्या जुन्या होस्टिंगवर २०२४ मध्येही पीएचपी ७.४ चालू होतं, त्याला सुरक्षा अपडेट मिळणं तर नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलं होतं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर काढते. स्नॅपशॉट (सर्व्हरची पूर्ण प्रत), अपडेट, रीबूट, मग सर्टिफिकेटची तारीख. ते ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं, तरी डोळ्यांनी बघते. डेटाबेसची रोजची प्रत दुसऱ्याच कंपनीकडे जाते. स्नॅपशॉट आणि सर्व्हर एकाच खात्यात असतील आणि खातंच अडकलं, तर दोन्ही जातील.

मेलचंही आधी बघून घ्या. स्पॅम रोखण्यासाठी मोठ्या क्लाउड कंपन्या मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट सहसा बंदच ठेवतात. वर्गणीदारांचा फॉर्म आठ दिवस भरला जात होता आणि मेल एकही येत नव्हता, कारण मी तपासलंच नव्हतं. आता मेल वेगळ्या सेवेतून जातो.

कमांड लाइनची भीती वाटत असेल आणि हाक मारायला जवळ कुणी नसेल, तर हा मार्ग घेऊ नका, पैसे थोडे जास्त देऊन व्यवस्थापित होस्टिंग घ्या. ज्याला महिन्याचा तो एक तास देता येतो त्यानं मात्र ही इमेज जरूर घ्यावी. पुढची निवडणूक आली की निकालाच्या आठवड्यापुरता सर्व्हर ४ जीबीचा करणार आहे. डिस्क तेवढीच ठेवून फक्त रॅम वाढवली की आमच्याकडे नंतर पुन्हा २ जीबीवर येता येतं. मतांचा तक्ताही या वेळी बातमीतच टाकायचा, असं संपादकांशी बोलून ठेवलंय.