शिअरलिंग कोटासाठी नव्या पेठेतली लाँड्री : चार स्टार

४२ अंशांच्या सोलापुरात शिअरलिंग, म्हणजे लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचा कोट कोण घालतंय, असं सगळ्यांनी विचारून झालंय. लेकाने कॅनडाहून आणलाय, परत जाताना नेणार आहे. तोवर सांभाळायचं माझ्याकडे.

कॉलरवर तेलकट डाग होता. नव्या पेठेत आमच्या पैठण्या जातात त्याच लाँड्रीत नेला. काउंटरवरच्या काकांनी लोकरीवर फुंकर मारली, केस बाजूला करून मुळाशी कातडं बघितलं. "ताई, ह्याला पाणी नको, इस्त्री तर नकोच. साड्यांसारखं ड्रायक्लीन केलं तर कातड्यातलं तेल जातंय, मग कडक होतंय बघा." तिथेच माझा विश्वास बसला. दुसऱ्या एका दुकानात न बघताच "उद्या संध्याकाळी न्या" म्हणाले होते!

काकांनी डागावर कॉर्नफ्लोर दाबून रात्रभर ठेवलं, मग मऊ ब्रशने झाडलं. डाग अगदी पुसट झालाय. बाहेरची स्वेडची (मखमलीसारख्या कातड्याची) बाजू एकाच दिशेने ब्रश केलेली. ६०० रुपये घेतले, मला रास्त वाटले.

एक स्टार कापला तो प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी. एवढं कळणाऱ्या माणसाने कोट प्लॅस्टिकमध्ये बांधून द्यावा? पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. मी घरी जुन्या सुती चादरीची खोळ शिवली. हँगर मात्र रुंद खांद्याचाच घ्या, तारेचा नको. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या कापडात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवल्यात, कोटाच्या खिशात नाही.

रविवारी दुकान बंद असतं.