कमरेतली सुई आणि साडेचार लाख

अण्णांना मोठा अटॅक येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली, पण इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'ईएफ २५%' लिहिलेलं. म्हणजे हृदयाचं पंपिंग नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आलेलं. आमचा जिना सतरा पायऱ्यांचा, अण्णा दोनदा बसून चढायचे. अशा वेळी माणूस काहीही ऐकायला तयार असतो.

व्हॉट्सॲपवरून स्टेम सेलचे, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळपेशींचे, उपचार करणाऱ्या एका सेंटरचा नंबर मिळाला. फोनवर काउन्सेलर, डॉक्टर नव्हे. "काकांच्याच पेशी काकांना देणार, साइड इफेक्टचा प्रश्नच नाही." समोर गेल्यावर त्याने जाडजूड फाइल उघडली. म्हणे, हार्वर्डमध्ये सिद्ध झालंय.

त्या फाइलमधलं एक नाव मी नंतर शोधलं : पिएरो अन्वर्सा, हृदयावर काम करणारे, पुढे हार्वर्डमध्ये गेलेले संशोधक. बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) पेशींपासून हृदयाचा स्नायू तयार होतो, असं त्यांच्या गटाने २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून मांडलं होतं. २००४ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, त्यांना तसं काही दिसलं नाही. २०१८ मध्ये तर हार्वर्डनेच अन्वर्सांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले. हे सगळं गूगलवर दहा मिनिटांत सापडतं. मी ती दहा मिनिटं पैसे भरल्यानंतर काढली.

साडेचार लाख. अर्धे रोख मागितले, तेव्हाच उठायला हवं होतं. अण्णांना पालथं झोपवून कमरेच्या हाडातून सुईने मॅरो काढला. भूल दिली होती, तरी पलंगाची दांडी त्यांनी घट्ट धरलेली. दुपारी 'तयार झालेल्या' पेशी हाताच्या शिरेतून साध्या सलाइनसारख्या सोडल्या. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शिरेतून दिलं की बऱ्याचशा पेशी आधी फुप्फुसातच अडकतात हो."

तीन महिन्यांनी सेंटरचा इको : ३०%. काउन्सेलरने पेढे मागितले! आमच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. मशीन वेगळं, बघणारा वेगळा, तर चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. शिवाय दरम्यान गोळ्यांचे डोस वाढवले होते, ते कुणी मोजायचं?

पावतीवर स्टेम सेल हा शब्दच नाही. 'डे केअर प्रोसिजर व नर्सिंग'. मेडिक्लेमवाल्यांनी परत पाठवली. सहीच्या कागदात मात्र अकराव्या पानावर 'प्रायोगिक' असं बारीक अक्षरात होतं. प्रायोगिक असेल तर पैसे कसे घेतले? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताचे ठरावीक आजार वगैरे सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. ट्रायलची नोंद सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीच्या, वेबसाइटवर असते. तिथला नोंदणी क्रमांक मागा. मी मागितला, तेव्हा काउन्सेलर म्हणाला, "सर मीटिंगमध्ये आहेत." अजून आहेत.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, रोख दिलेल्या रकमेचा पुरावा शोधतोय. अण्णा गोळ्या वेळेवर घेतात. परवा एकदाच बसून जिना चढले, आणि वर आल्यावर म्हणाले, "त्या पैशात खालच्या मजल्यावरची खोली भाड्याने आली असती रे."