घरी ऑक्सिजन: लांब नळी, चाकांवरचा सिलिंडर की खांद्यावरचं यंत्र?

इस्पितळातून सोडताना डॉक्टर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन ते लिहून देतात. कशातून घ्यायचा, हे बऱ्याचदा भाड्याने देणाऱ्या दुकानातच ठरतं. माणूस नुकता चालायला लागलेला असतो, म्हणून आधी बघायचं ते एकच: पाय कशात अडकेल? फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात सासूबाईंच्या आजारपणात हे आम्हाला उशिरा सुचलं.

कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतो, भरून आणायची कटकट नाही. मिनिटाला 5 लिटर देणारं यंत्र साधारण 15 किलोचं, म्हणून ते एका जागी बसतं आणि नळी घरभर फिरते. ओसरी, चौक, माजघर, आणि दर दाराला उंबरा! नळी उंबऱ्याच्या कोपऱ्यात अडकली, सासूबाई वळल्या तशी टाचेमागे वेटोळं झालं नि नाकाला हिसका बसला. भिंतीला हात लागला म्हणून वाचल्या. तेव्हापासून मोठी नळी गुंडाळून ठेवली, 7 मीटरची लावली आणि यंत्रच दिवसा माजघरात, रात्री खोलीत हलवू लागलो. पारदर्शक नळी तांबड्या जमिनीवर दिसतच नाही, म्हणून हातभर अंतरावर पिवळी टेप चिकटवली. वळायच्या आधी नळी बाजूला सारायची, मग पाऊल. वॉकर धरलेल्या माणसाला ते जमत नाही. मागून कुणीतरी नळी सांभाळायला हवं.

कॉन्सन्ट्रेटरची खरी परीक्षा पावसात. वीज गेली की यंत्र बंद पडतं, अलार्म ओरडतो आणि रुग्ण घाबरून अंधारात उठतो. उशाशी टॉर्च आणि जोडून तयार सिलिंडर हवाच.

सिलिंडरला वीज लागत नाही, आवाजही नाही. बी टाइप या मापाच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर. मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर बारा तास निघतात. पण ट्रॉली उंबरा ओलांडत नाही, आणि वॉकर धरून ती ओढणं म्हणजे पडायची हमी. पणजी-मडगावच्या सपाट लाद्यांच्या फ्लॅटमध्ये बरोबरचा माणूस ती ढकलू शकतो. जागेवर असेल तेव्हा साखळीने बांधून ठेवा. उभा सिलिंडर आडवा झाला तर व्हॉल्व्हला धोका.

पोर्टेबल यंत्र 2-3 किलोचं, नळी हातभर. पडण्याच्या दृष्टीने सगळ्यात बरं. मात्र महाग, बॅटरी काही तासांची, आणि पुष्कळ यंत्रं श्वासागणिक झोत देतात. सलग प्रवाह लागणाऱ्यांना ते पुरतंच असं नाही. घेण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर, बोटाला ऑक्सिमीटर लावून चालून बघा. आकडा घसरला तर आपल्या मनाने लिटर वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

समई, गॅस, चतुर्थीची आरती यांच्यापासून तिन्ही प्रकार किमान 3 मीटर लांब. नाकाला व्हॅसलिनही नको, ऑक्सिजनमध्ये तेही पेट घेऊ शकतं.

उंबऱ्यांच्या घरात मी आखूड नळीचा कॉन्सन्ट्रेटर आणि खाटेशी बांधलेला बी टाइप घेईन. पोर्टेबल फक्त बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणीला जायच्या दिवसापुरतं भाड्याने. आणि हो, न्हाणीघराच्या दाराखालून नळी नेऊ नका: आतून कुणी दार लोटलं की ती चिमटते, आणि बाहेरच्याला ते कळतही नाही.