हायकिंग क्लब : काही महिन्यांच्या ट्रेकनंतर आणि बैठकांनंतर

हायकिंग क्लबचं सभासदत्व घ्यावं का, असं कुणी विचारलं की मी हल्ली आधी एकच विचारते : त्यांच्या एखाद्या बैठकीला जाऊन बसलात का? बहुतेक जण ट्रेकची यादी बघतात, फोटो बघतात, अवघड वाटा किती केल्यात ते बघतात. गेले कित्येक महिने एका क्लबबरोबर नियमित फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय की क्लब चांगला की वाईट हे डोंगराखालीच कळतं. जी माणसं एरवी एकमेकांना भेटतात, ओळखतात, तीच डोंगरात वेळेवर खरं बोलतात. आणि डोंगरात वेळेवर खरं बोलणं म्हणजे अर्धी सुरक्षितता.

आमचा क्लब पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतो. पगारी गाइड नाही, नफ्याचा प्रश्न नाही. महिन्यातून दोन ट्रेक, एक संध्याकाळची बैठक आणि अधूनमधून घरच्या मंडळींसह नुसतं भेटणं, असा साधारण क्रम. सोपा, मध्यम, अवघड अशी प्रतवारी सगळेच क्लब करतात. पण 'मध्यम' या शब्दावरून काहीही समजत नाही. मला या क्लबचं पहिल्यांदा कौतुक वाटलं ते ट्रेकच्या सूचनेमुळे. त्यात अंतर असतं, एकूण चढ असतो, पायाखाली काय आहे (माती, कातळ, की घसारा म्हणजे सुटे, सरकणारे खडे) ते असतं, आणि कुठपर्यंत मागे फिरता येतं, कुठून पुढे फिरता येत नाही हेही असतं. माथ्याची उंची सगळेच सांगतात, एकूण चढ फार थोडे सांगतात. वाटेत दोनदा खाली उतरून पुन्हा चढायचं असेल तर माथ्याच्या उंचीवरून पायांचं काय होणार याचा काहीच अंदाज येत नाही.

वेळेचा हिशेबही कागदावर मांडलेला असतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. तो आज मीटरमध्ये असा वापरतात : चालायला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची, ६०० मीटर चढाची वाट तीन तासांची. पण हा आकडा सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आमच्या लीडर त्यात निम्मा वेळ आणखी घालतात, थांबे वेगळे धरतात, आणि मग सूर्यास्तापासून उलटं मोजत निघायची वेळ ठरवतात. परतायची वेळ पायथ्याशीच जाहीर होते : 'एक वाजता जिथे असू तिथून मागे.' माथा दहा मिनिटांवर दिसत असतानाही आम्ही मागे फिरलो आहोत, आणि कुणी कुरकुर केली नाही. कारण त्या आकड्यावरची चर्चा आधीच्या बैठकीत झालेली होती.

चालण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून मी आता कुठलाही गट ओळखते. पुढे लीडर, सर्वांत मागे एक अनुभवी माणूस, प्रत्येक फाट्यावर सगळे गोळा होणार, हे बहुतेक ठिकाणी असतंच. प्रश्न विश्रांतीचा असतो. पुढचे लोक पोहोचतात, बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मागून दमलेला माणूस येतो आणि तो टेकायच्या आत लीडर म्हणतो, 'चला, आले सगळे, निघू या.' म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती मिळते आणि जो थकलाय तो चालतच राहतो. शेवटच्या दोन तासांत त्याचेच पाय लटपटतात. आमच्याकडे शेवटचा माणूस येऊन सॅक उतरवतो तेव्हा घड्याळ सुरू होतं. दहा मिनिटं ठरली असतील तर ती त्याच्या हिशेबाने दहा. एवढ्या एका नियमाने अख्ख्या दिवसाचा रंग बदलतो.

आता बैठकांबद्दल, कारण मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचंय.

सुरुवातीला मला वाटलं होतं, बैठक म्हणजे मागच्या ट्रेकचे फोटो आणि पुढच्याची घोषणा. तेही असतं, पण थोडंच. एका संध्याकाळी १:५०,००० प्रमाणाचे नकाशे टेबलांवर पसरले होते आणि प्रत्येक टेबलावर एक दोऱ्याचं रीळ. वळणावळणाच्या पायवाटेवर दोरा ठेवायचा, मग सरळ करून पट्टीवर मोजायचा : २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे उभा चढ, जिथे पांगल्यात तिथे मोकळी चाल. माझ्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ, एक कॉलेजची मुलगी आणि एक आई-मुलगा होते. दोरा डोंगराच्या कुठल्या सोंडेवरून न्यायचा यावर मुलाने त्या काकांशी चांगला वाद घातला. पुढच्या ट्रेकला तीच सोंड समोर आली तेव्हा दोघं नकाशा उघडून शेजारी शेजारी उभे होते. आता कुठल्याही फाट्यावर पाचसहा डोकी नकाशात असतात, वाट चुकायची शक्यता त्यामुळेच कमी होते.

दुसऱ्या एका बैठकीत संकटाच्या खुणा शिकवल्या. आल्प्समध्ये रूढ झालेली खूण अशी : एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वाजवून उत्तर द्यायचं. प्रत्येकाने वाजवून पाहिली, घड्याळ लावून. विजेबद्दलही त्याच दिवशी बोलणं झालं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. डोंगराची धार सोडून खाली यायचं, एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा उघड्यावर जायचं नाही. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं, पण ज्यांच्याबरोबर चालायचंय त्यांच्याबरोबर बसून शिकलं की अंगात भिनतं.

स्त्री म्हणून मला सर्वांत मोलाची वाटलेली चर्चा शौचाची. हो, भर बैठकीत. वाटेवर आडोसा कुठे कुठे मिळेल हे लीडर आधीच सांगतात. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जायचं, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, नीट बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड घट्ट पिशवीत घालून परत आणायचे. एकदा हे मोकळेपणी बोललं गेलं की बायका पाणी कमी पिऊन चालायचं थांबवतात. पूर्वी मी ज्या एकदोन गटांबरोबर गेले तिथे हा विषय कधीच निघाला नाही. कित्येक जणी दिवसभर घोट घोट पाणी पीत आणि दुपारनंतर डोकं धरून बसत.

या ओळखीचा उपयोग कसा होतो ते मी एका उतारावर पाहिलं. वाट घसाऱ्याची, बारीक खडे, प्रत्येक पावलाला पाय सरकणार. साठीच्या पुढच्या एक काकू माझ्या मागे होत्या. बैठकींना नेहमी येणाऱ्या, एरवी कमी बोलणाऱ्या. मध्येच त्या थांबल्या आणि लीडरला हाक मारून म्हणाल्या, "अगं, उजव्या गुडघ्यात कळ यायला लागलीय. अजून चालता येतंय, पण सांगून ठेवते."

"बरं झालं काकू, आत्ताच सांगितलंत. सॅक द्या इकडे."

सगळे थांबले. काकूंच्या सॅकमधलं सामान चौघांत वाटलं गेलं. काठ्या उतारासाठी थोड्या लांब करून दिल्या, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं, आणि पुढे त्यांच्या पुढ्यात एक जण आडवी पावलं टाकत वाट दाखवत उतरला. ठरल्यापेक्षा उशीर झाला, पण उजेडात खाली आलो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्यामुळे दम लागत नाही आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. दुखणं लपवायला उतार ही सर्वांत सोपी जागा. काकूंनी ते लपवलं नाही, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल ही भीती त्यांना या लोकांसमोर वाटत नव्हती. दुसऱ्या एका गटात, जिथे सगळे त्याच सकाळी पहिल्यांदा भेटले होते, पोटऱ्यांत गोळे आलेला एक मुलगा शेवटपर्यंत काही बोलला नव्हता. तो बोलला तेव्हा त्याला उभंच राहता येत नव्हतं.

ट्रेक आणि मेळावा यांची ही सांगड जुनी आहे. अमेरिकेतल्या सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेने १९०१ मध्ये विल्यम कोल्बी यांच्या पुढाकाराने सभासदांच्या मोठ्या वार्षिक सहली सुरू केल्या. ज्यांनी ते डोंगर स्वतः पाहिलेत तेच त्यांच्या रक्षणासाठी उभे राहतील, हा त्यामागचा विचार. सहलीत रात्री शेकोटीभोवती सगळे जमायचे. आमच्या एका बैठकीत ही माहिती सांगितली गेली आणि त्याच बैठकीत कचरा वेचायच्या एका दिवसासाठी नावंही नोंदवली गेली.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या. नव्या माणसाला पहिल्या दोन भेटी जड जातात. जुन्यांचे घोळके ठरलेले असतात आणि ते मुद्दाम नसलं तरी नवा माणूस भिंतीपाशी उभा राहतो. प्रत्येक नव्या सभासदाबरोबर एक जुना जोडून द्यायचा नियम कागदावर आहे, पाळला जातो कधीकधी. वॉट्सअ‍ॅप ग्रुप तर असह्य : शुभेच्छा आणि फोटोंच्या ढिगात ट्रेकची बदललेली वेळ हरवते. आदल्या रात्री नाव मागे घेणारे आहेतच. गाडीतली जागा रिकामी जाते आणि प्रतीक्षायादीतला माणूस घरी बसतो. काम करणारेही तेच ते सातआठ जण. लीडर थकतात, आणि थकलेला लीडर नाइलाजाने ओळखीचीच वाट पुन्हा घेतो.

गट मोठा झाला की वाटेचंही नुकसान होतं. चिखल टाळायला लोक कडेकडेने चालतात आणि पायवाट दरवेळी रुंद होत जाते. क्लबने आता संख्येवर मर्यादा घातलीय आणि जास्त नावं आली तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन गट सोडतात. स्पीकरवर गाणी लावायला बंदी आहे, ती खरोखर पाळली जाते. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

सामानाबद्दल थोडक्यात : क्लबकडे सॅक, काठ्या, हेडटॉर्च उसन्या मिळतात, त्यामुळे सुरुवातीला बूट सोडून काहीही विकत घेऊ नका. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून बघा, आणि दुकानात एखादा उतार किंवा जिना असेल तर खाली उतरून बघा. बोटं पुढे आपटली तर तो बूट नको.

कुठलाही क्लब निवडताना मी तीन प्रश्न विचारीन. परतायची वेळ कोण ठरवतं आणि कधी? शेवटच्या माणसाला विश्रांती मिळते का? आणि ट्रेक नसलेल्या दिवशी तुम्ही भेटता का, भेटून काय करता? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा उत्साहाने बोलायला लागला तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा चांगलीच असतील.

सभासदत्व मी पुढे चालू ठेवलंय. समितीकडे दोन मागण्या लेखी दिल्यात : सूचनांसाठी फक्त लीडरना लिहिता येईल असा वेगळा ग्रुप, आणि नव्या सभासदाचा जोडीदार ट्रेकच्या यादीतच नावानिशी छापणं. पहिली मान्य झालीय. दुसरी पुढच्या बैठकीत चर्चेला आहे, आणि जोडीदारांच्या यादीसाठी मी माझं नाव आधीच देऊन ठेवलंय.